चाळीतून टॉवरमध्ये गेलेल्या मावशीला घरभरणीला काय द्यावं?

जास्वंदी (धागाकर्ती)

माझी सख्खी मावशी १९७९ साली लग्न होऊन वरळीच्या बीडीडी चाळीत आली. ज्यांनी या चाळी आतून पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते : तळमजला आणि वर तीन मजले, एकेका मजल्यावर २० खोल्या, मधून लांबलचक अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं. खोली १६० चौरस फुटांची, कोपऱ्यात मोरी, संडास मजल्यावर सामाईक. त्या एका खोलीत मावशीने सासू-सासरे सांभाळले, दीर-नणंदेची लग्नं केली, दोन मुलं वाढवली. मे महिन्यात आम्ही भाचरंही तिथेच पडीक असायचो. रात्री वळकट्या उघडल्या की जमीन दिसायची नाही. आम्ही मुलं माळ्यावर, काका बाहेर बोळात.

ऑगस्ट २०२५ मध्ये पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना म्हाडाच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यात मावशीचं घर आहे. ५०० चौरस फूट, दोन बेडरूम, संडास-बाथरूम घरात. वयाच्या सत्तरीत पहिल्यांदा तिला स्वतःची खोली मिळाली आहे.

आतापर्यंत आवराआवरीत दिवस गेले. आता घरभरणी ठरली आहे (मूळ गाव कोकणात, त्यामुळे आमच्याकडे वास्तुशांतीला घरभरणीच म्हणतात). पत्रिकेवर "आहेर आणू नये" छापलं आहे. विचारलं तर म्हणते, "तुम्ही या, जेवा, बास." पण आम्हा चार भावंडांना मनापासून काहीतरी द्यायचं आहे. चौघांत मिळून २०-२५ हजार जमतील. टीव्ही, फ्रिज, मिक्सर आहेत. काय द्यावं? तुम्हाला मिळालेल्यांतलं काय खरंच वापरात राहिलं तेही सांगा.

ओसरी

मावशींचं मनापासून अभिनंदन. वाचताना डोळ्यांत पाणी आलं.

पहिलं काय देऊ नये ते सांगते. गणपतीची मूर्ती देऊ नका. आमच्या वास्तुशांतीला सात गणपती आले, चार भिंतीवरची घड्याळं आणि तीन काचेचे डिनर सेट. घड्याळ, डिनर सेट पुढे कुणाला तरी देता आले. गणपती कसा देणार? प्रेमाने आणलेला देव कपाटात कापडात गुंडाळून ठेवताना मन खातं आणि सात मूर्ती मांडायला जागा नसते. देवघरात काय असावं हे त्या घरातल्या माणसांनीच ठरवावं.

वापरात काय राहिलं? नणंदेने दिलेली पितळी समई. आज बारा वर्षं रोज संध्याकाळी लागते.

तांब्यापितळेचा

ओसरी यांच्या समईला अनुमोदन, पण घेताना बघून घ्या. समई वजनावर मिळते. दुकानात ती सुटी करून बघा : बैठक, खांब, तेलाची वाटी, वरचा मोर किंवा हंस. आटे नीट बसतात का, उभी केल्यावर डुलते का. बैठक हलकी असेल तर तेल भरल्यावर कलते आणि घरात लहान मूल असेल तर तो धोकाच. उंच आणि पोकळ समईपेक्षा बुटकी, भरीव समई केव्हाही चांगली.

पुण्याला कुणी येणार असेल तर कसब्यातल्या तांबट आळीत जा. तिथलं मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी पत्र्यावर उठवलेली ती बारीक चमक, मशीनच्या भांड्याला येत नाही. पिण्याच्या पाण्याचा तांब्याचा हंडा छान दिसेल. फक्त त्यात लिंबूपाणी, ताक ठेवायचं नाही हे देताना सांगा. आणि आतून कल्हई नसेल तर आंबट पदार्थ शिजवायला तांब्याचं पातेलं देऊ नका.

पाना_पक्कड

मी वेगळं सांगतो. नव्या घरात पहिल्या महिन्यात समई नव्हे, शिडी लागते. पडद्याचे रॉड, कपडे वाळत घालायच्या दोऱ्या, आरसा, देवघराची फळी, गिझरखालचा नळ, सगळं एकाच वेळी अंगावर येतं. हल्लीच्या बऱ्याच टॉवरमध्ये आतल्या भिंतीही विटांच्या नसतात, अख्ख्या काँक्रीटच्या ओततात. कामगार त्याला मायवान म्हणतात. त्यात साधा खिळा वाकतो. हॅमर ड्रिलच लागतं, तेही चांगल्या बिटचं.

जास्वंदी, तुमच्या भावांपैकी कुणाला येत असेल तर एक अख्खा रविवार ड्रिल, प्लग, स्क्रू घेऊन मावशींकडे जा. "कुठे काय लावायचं ते दाखव" म्हणा आणि संध्याकाळपर्यंत सगळं लावून या. सत्तरीतल्या माणसाला दर वेळी सुताराला फोन करून वाट बघत बसणं फार जड जातं. मी माझ्या बहिणीच्या घरी हेच केलं होतं. ती अजून त्याची आठवण काढते.

लाल_माती

पाना_पक्कड, +१. शेगडी द्यायचा विचार कुणाच्या मनात असेल तर थांबा आणि आधी विचारा, घरात पाइपचा गॅस आहे की सिलिंडर. सिलिंडरची शेगडी पाइपच्या गॅसवर तशीच चालत नाही, जेट बदलावे लागतात. माझ्या आत्याला आलेली शेगडी दोन महिने खोक्यात पडून होती.

जमाखर्च

सगळ्यात सोयीचं म्हणजे पाकीट. नवीन घर म्हटलं की खर्च संपत नाहीत. माझ्या भाच्याने पुण्यात फ्लॅट घेतला. घराची किंमत एकीकडे, वर मुद्रांक शुल्क ७ टक्के, नोंदणी फी ३०,०००, बांधकाम चालू असताना घेतला म्हणून जीएसटी ५ टक्के, मग सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स, मग ग्रिल. वास्तुशांतीच्या दिवशी त्याच्या खात्यात जेमतेम महिन्याचा किराणा भरेल एवढे पैसे होते. अशा वेळी आलेलं पाकीट त्याला किती कामाला आलं हे त्याने मला नंतर सांगितलं. मावशींना मुद्रांक शुल्काचा असा बोजा नसेल, पण टॉवरचा देखभाल खर्च चाळीसारखा नसतो.

मी हिशेबाच्या कामात आहे म्हणून रोख देण्याबद्दल एक गोष्ट सांगतो, बऱ्याच जणांना ठाऊक नसते. आयकराच्या नियमात लग्नात मिळालेल्या भेटींना सूट आहे, वास्तुशांतीला नाही. नातेवाइकांकडून मिळालेल्या रकमेवर कर नाही, पण नातेवाईक कोण याची यादी ठरलेली आहे. मावशीने भाचीला पैसे दिले तर ते करमुक्त, कारण आईची बहीण भाचीच्या यादीत येते. भाचीने मावशीला दिले तर भाची मावशीच्या यादीत बसत नाही. यादीबाहेरच्या सगळ्यांकडून मिळून वर्षात ५०,००० च्या वर रक्कम गेली तर वरचीच नव्हे, पूर्ण रक्कम उत्पन्नात धरतात. मावशींचं एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर काळजीचं कारण नाही. पण मोठ्या रकमा जमणार असतील तर लिहून ठेवा.

आजोळ

जमाखर्च, माहिती उपयोगी आहे, पण पाकिटाबद्दल मी सहमत नाही. पैसे किराण्यात जातात आणि कुणी दिले होते ते वर्षभरात विसरायला होतं. गरज असेल तिथे जरूर द्यावेत, पण इथे भाचरांना मावशीच्या घरात आपलं काहीतरी असावं असं वाटतंय.

मला माझ्या आजीची पद्धत आठवते. कुणाच्याही घरभरणीला ती स्टीलचं किंवा पितळेचं भांडं द्यायची आणि त्यावर नाव घालून घ्यायची. भांड्याच्या दुकानात बारीक मशीनने टिंबाटिंबांची अक्षरं कोरून देतात तसं. कुणाकडून, कशाबद्दल, तारीख. आजी गेल्यावर आम्ही तिचं घर आवरलं तेव्हा तिला मिळालेली भांडी निघाली. तपेलीवर थोरल्या मामांचं नाव आणि १९६८, पातेलीवर शेजारच्या काकूंचं, एका मोठ्या डब्यावर "गिरणीतील मित्रमंडळ". त्या मित्रमंडळातलं आज कुणीही हयात नाही. डबा माझ्याकडे आहे, त्यात तांदूळ असतात.

अजूनही भांड्याच्या बऱ्याच दुकानांत नाव घालून मिळतं, फक्त आपण मागत नाही. पाण्याचा तांब्या घ्या, डबा घ्या, काहीही घ्या, पण नाव घाला.

कृष्णाकाठ

आजोळ यांचा प्रतिसाद वाचून लिहायला बसले.

आम्ही सांगलीचे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात तळमजल्याचं घर अनेक दिवस पाण्यात होतं. गाद्या, कपाटं, धान्य, फोटो, सगळं गेलं. भिंती सुकायला, प्लास्टर खरवडून पुन्हा करायला सहा महिने लागले. परत राहायला गेलो तेव्हा नवऱ्याने वास्तुशांत केली नाही, नुसतं दूध उतू घातलं आणि देवाला नमस्कार केला. त्या दिवशी मागच्या गल्लीतल्या एक बाई आल्या. त्यांच्याही घरात पाणी होतं. त्यांनी घट्ट झाकणाचे पाच डबे आणले होते आणि प्रत्येकात काहीतरी भरलेलं होतं : ज्वारी, तूरडाळ, साखर, चहा, मीठ. म्हणाल्या, "नव्या घरात रिकामा डबा आणू नये."

तेव्हापासून मी कुणालाही रिकामं भांडं देत नाही.

राइनकाठी

कृष्णाकाठ, मिठावरून सांगते. आम्ही जर्मनीत घर घेतलं तेव्हा शेजारचे आजी-आजोबा ब्रेड आणि मीठ घेऊन दारात उभे. घरात अन्न आणि चव कमी पडू नये म्हणून इथे नव्या घराला ब्रेड-मीठ देतात. मला एकदम आई आठवली. आमच्याकडेही नव्या घरात सामान जाण्याआधी पाण्याचा कलश, धान्य, मीठ, हळद-कुंकू आणि नवी केरसुणी न्यायची पद्धत. मी त्या आजींना हे मोडक्यातोडक्या भाषेत सांगितलं तेव्हा त्या आत येऊन बसल्या, तास-दीड तास बोलत होत्या. परक्या देशातलं ते घर त्या दिवशी पहिल्यांदा आपलं वाटलं.

निळाई

माझं माहेर नायगावच्या बीडीडी चाळीतलं, म्हणून तुमचा बोळ डोळ्यांसमोर आला.

एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. चाळीत आमच्यासारखी बौद्ध घरं पुष्कळ. आमच्याकडे वास्तुशांत, होम नसतो. भंतेजी येतात, त्रिशरण-पंचशील आणि परित्राण पाठ होतो, सगळ्यांना भोजन. माझ्या भावाच्या गृहप्रवेशाला त्याच्या ऑफिसातल्या लोकांनी लक्ष्मीची पावलं आणि श्रीयंत्र आणलं. भाव चांगला होता, पण एकदा विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्याच दिवशी वडिलांच्या जुन्या मित्राने सागाचं पुस्तकांचं कपाट दिलं. "बाबासाहेबांनी राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा मिळावी म्हणून. आता तुझ्याकडेही जागा आहे," म्हणाले. भावाची पुस्तकं तोवर माळ्यावर गोणपाटात बांधलेली असायची. ते कपाट मांडलं तेव्हा माझे वडील कितीतरी वेळ त्याच्यासमोर उभे होते.

म्हणून जास्वंदी, मावशींना १६० फुटांत काय करता आलं नाही, ते आठवून बघा. दुसरं म्हणजे तिथे काय होतं जे आता नाही, तेही. टॉवरमध्ये गेल्यावर माझी आई पहिले तीन महिने आजारी असल्यासारखी होती. डॉक्टरांना काही सापडलं नाही. तिला आवाज हवे होते.

जास्वंदी

निळाई, तुमचं शेवटचं वाक्य रात्रभर डोक्यात राहिलं. सकाळी मावशीला फोन केला. भेटीचा विषय काढलाच नाही, नुसतं विचारलं, "करमतं का गं?"

आधी सगळं छानच सांगितलं. ऊन येतं, पाणी चोवीस तास येतं, रात्री संडासला जाताना काकांना उठवावं लागत नाही. मग म्हणाली, "दार लावून बसावं लागतं."

चाळीत दिवसभर दार उघडं. पडदा असायचा, तोही अर्ध्यावर. बोळातून जाणारा प्रत्येक जण आत डोकावून "काय केलंय आज?" विचारून जायचा. भाजी निवडायला ती उंबऱ्यात बसायची, समोरची तिच्या उंबऱ्यात. आता सोडतीत घरं लागली तशी माणसं वेगवेगळ्या मजल्यांवर गेली. समोरची १९ मजले वर आहे. या मजल्यावर दोन घरं ओळखीची आहेत, पण सगळ्यांची दारं बंद. उघडं ठेवावं तर काका ओरडतात, "इथे कोण येतं-जातं कळत नाही." एकदा दुपारी तिने दार उघडं ठेवून खुर्ची टाकली, तर लिफ्टमधून कुणी सामान पोचवणारा थेट दारापर्यंत आला. ती घाबरली.

पाना_पक्कड

जाळीचं सेफ्टी डोअर. हीच तुमची भेट. लाकडी दार दिवसभर उघडं, जाळीच्या दाराला कडी. वारा येईल, माणसं दिसतील, बोलता येईल आणि काकांनाही काळजी नाही.

पण ऑर्डर द्यायच्या आधी चार गोष्टी बघा. घराचं दार आत उघडतं, म्हणजे जाळीचं दार बहुतेक बाहेर उघडणार. ते उघडल्यावर शेजारच्या दाराला, जिन्याच्या वाटेला किंवा आगीच्या पाण्याच्या होजपेटीला अडत नाही ना ते मोजा. टॉवरमध्ये ती वाट मोकळी ठेवावीच लागते, त्यामुळे लेखी परवानगी घ्या. बोळाकडे जागा नसेल तर चौकटीतल्या चौकटीत बसणारं, दुमडणारं दारही करतात. दुसरं, कुलूप असं हवं की आतून किल्लीशिवाय उघडेल. आग लागली तर किल्ली शोधत बसायला वेळ नसतो. तिसरं, वरळी म्हणजे समुद्र. साधं लोखंड खाऱ्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत गंज धरतं. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस घ्या, बिलावर ग्रेड लिहून मागा. आणि बिजागऱ्या जाड घ्या, दार त्यांच्यावरच लटकतं.

आम्ही दोन वर्षांपूर्वी केलं तेव्हा बसवून १८,००० पडले. तुमच्या रकमेत बसेल.

ओसरी

किती नेमकं! जास्वंदी, दारामागे टेकून बसायला एक बुटका पाट किंवा वेताचा मोडाही द्या. गुडघे साथ देत असतील तर पाट, नाहीतर मोडा.

जमाखर्च

उत्तम. आणि वस्तू तुम्ही स्वतः विकत घेऊन बसवून देताय, रोख रक्कम नाही, त्यामुळे वर लिहिलेला ५०,००० चा प्रश्नही येत नाही. आजोळ, तुमचा मुद्दा मला पटला.

आजोळ

दाराच्या पट्टीवर नावं कोरून घ्या. चौघांचीही.

जास्वंदी

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते.

व्यवस्थापनाची लेखी परवानगी मिळाली. दार उघडल्यावर होजपेटी मोकळी राहते, मोजून घेतलं. शनिवारी धाकटा भाऊ मिस्त्रीला घेऊन गेला, जाताना ड्रिलही नेलं. मिस्त्री माप घेत होता तोवर भावाने पडद्याचे तीन रॉड, आरसा आणि देवघराची फळी लावली. भिंती काँक्रीटच्याच निघाल्या, पाना_पक्कड यांनी सांगितलं नसतं तर भाऊ साधं ड्रिल घेऊन गेला असता. मोडा मी घेतला, गुडघ्यांचा विचार करून. आजोळ, तांब्या घेतला आहे आणि त्यावर नाव घातलं आहे. आमची चौघांची नावं, खाली चाळीचा आणि जुन्या खोलीचा नंबर. कृष्णाकाठ, तो तांदळाने भरून देणार आहे.

मावशीपासून लपवता आलं नाही, माप घ्यायला माणूस आल्यावर तिला कळलंच. आधी रागावली, "एवढा खर्च कशाला?" मग तासाभराने तिचाच फोन आला. म्हणाली, "दाराची जाळी फार बारीक करू नका गं. बाहेरून वाटी आत देता यायला हवी. चाळीत कुणी एकमेकींना वाटीभर काही दिल्याशिवाय दिवस गेला नाही."

आता प्रश्न असा आहे की वाटी जाईल एवढी फट ठेवली तर बाहेरून हात घालून कुणीही कडी काढेल. काय करता येईल?

पाना_पक्कड

मधल्या आडव्या पट्टीच्या वर छोटी झडप करून घ्या, रुंदीला वीतभर, उंचीला पाच इंच. तिला आतून वेगळी कडी. आणि दाराचं मुख्य कुलूप झडपेपासून हातभर तरी लांब, खालच्या बाजूला घ्या, म्हणजे झडप उघडी असली तरी बाहेरून हात पोचणार नाही. मिस्त्रीला कापायच्या आधी सांगा, नंतर जोडकाम दिसतं.

जास्वंदी

आत्ताच सांगितलं. अजून कापलं नव्हतं. मापाला मावशीची आमटीची वाटी नेली आहे त्याने.